रेघेबाहेर दोन बोटे

मास्तर झाडांची मापे घेत असत. हे मी अलंकार म्हणून लिहीत नाही. त्यांच्या गळ्यात मेणकापडाची पिवळी टेप असे, बंडीच्या खिशात शिंप्याचा चपटा खडू असे. हिवाळ्याच्या सकाळी, धुके आणि डाळमिलचा पिवळसर भुसा एकमेकांत मिसळून आमच्या गल्लीवर तरंगत असताना, ते गुलाबासमोर गुडघे टेकून त्याचा घेर मोजत. आकडा ओठांतल्या ओठांत दोनदा म्हणत आणि मग पुठ्ठ्याच्या मापवहीत लिहीत. त्या वहीची पहिली अर्धी पाने माणसांची होती: छाती, कंबर, खांदा, बाही. अर्ध्यानंतर झाडे सुरू होत. रकाने मात्र तेच राहत. जास्वंदीची बाही साडेचौदा इंच असल्याची नोंद मी स्वतः वाचलेली आहे.

ऐंशीचे दशक संपत आले होते. मी अमळनेरहून जळगावला रसायनशास्त्रात एम.एस्सी. करायला आले होते. मास्तर आणि त्यांच्या पत्नी, ज्यांना सगळी गल्ली अक्का म्हणे, यांच्या घरामागची एक खोली मी भाड्याने घेतली आणि दोन वर्षे तिथे राहिले. मला संशोधन करायचे होते, पुण्या-मुंबईच्याही पलीकडे जायचे होते, आणि ते सगळे लवकर व्हायला हवे होते. जे मोजता येत नाही ते माझ्या लेखी नव्हतेच. या न्यायाने मास्तर मला आदर्श वाटायला हवे होते. प्रत्यक्षात पहिले काही महिने मी त्यांना निरुपद्रवी वेडसर गृहस्थ समजत होते आणि वडिलांना पत्रातून तसे कळवलेही होते.

मी सामान घेऊन आले त्या दिवशी त्यांनी माझ्याकडे नीट निरखून पाहिले, म्हणजे माझ्या खांद्यांकडे पाहिले.

"डावा खांदा पाव इंच खाली आहे," ते म्हणाले. "पुस्तकांची पिशवी?"

"हो."

"सहा महिने उजव्या खांद्यावर घे. आणि चालताना पुढे झुकू नकोस, बेटा. तू पोचायच्या आधी तुझं डोकं पोचतं."

"आल्या आल्या पोरीला बेतायला घेऊ नका," आतून अक्कांचा आवाज आला. "चहा तरी पिऊ द्या."

मास्तर मूळचे एरंडोलजवळच्या एका खेड्यातले. तरुणपणी ते निलगिरीतल्या एका लष्करी छावणीत शिंपी म्हणून गेले आणि गणवेष शिवत अर्धे आयुष्य तिथेच राहिले. परतल्यावर त्यांनी दुकान काढले नाही. शिलाईयंत्र व्हरांड्यात होते, कापड बेतायचे लांब मेजही होते; परंतु त्या मेजावर कापडापेक्षा कुंड्याच अधिक वेळा दिसत. गल्लीतल्या कोणी काही दुरुस्तीला आणले तर ते कापड दोन बोटांत चोळून पाहत आणि बहुतेकदा परत देत. पँट लांब करून मागणाऱ्या एका कॉलेजच्या मुलाला त्यांनी अत्यंत गंभीरपणे सांगितले होते, "खाली कापड उरलेलं नाही. आता तूच वाढायचं थांब." त्यांची नजर तीक्ष्ण होती. सुईत दोरा ते चष्म्याशिवाय ओवत, आणि तेवढ्यापुरते थोडे मिरवतही.

छावणीतून येताना त्यांनी एकच जिवंत वस्तू आणली होती: हायड्रेंजियाची एक फांदी, ओल्या गोणपाटात गुंडाळून, रेल्वेच्या दोन दिवसांच्या प्रवासात मांडीवर धरून. हे झाड थंड आणि ओलसर डोंगरांचे. पाने तळहाताएवढी रुंद. फुले चिमुकली, पण त्यांचा घोस होतो तो चांगला ओंजळभर. छावणीत साहेबांच्या बंगल्यांच्या कडेने त्याची रांग असे आणि ते घोस निळे असत. निळे म्हणजे नेमके कसे, असे मी एकदा विचारले.

"शाई सांडलेला पांढरा शर्ट चार वेळा धुवायचा," मास्तर म्हणाले. "मग जो राहतो, तो."

जळगावात अशा झाडाने जगणे हेच मुळात अशास्त्रीय होते. मे महिन्यात इथल्या पत्र्याला बोट लागले तर फोड येतो. त्यासाठी मास्तरांनी झाडाला कपडे शिवले होते. कुंडीला गोणपाटाचा दुहेरी कोट होता, पुढे सहा बटणे. दुपारी तो भिजवायचा, संध्याकाळी बटणे सोडून वारा लागू द्यायचा. वर पांढऱ्या मलमलीची झूल होती आणि तिच्या कडा आतून दुमडून बारीक टीप घातलेली होती. ती टीप कोणाला दिसणार नव्हती. ती पाहिल्यावर मास्तरांविषयीचे माझे मत प्रथम थोडेसे हलले.

अक्का त्या झाडाला कोबी म्हणत.

"तुमच्या कोबीला ऊन लागतंय हो."

"कोबी नाही ती."

"मग काय आहे? ना खायची, ना देवाला वाहायची. इतकी वर्षं पोसली, एक दिवस म्हणून हंडा उचलायला नाही आली."

मास्तर कोटाचे सर्वांत वरचे बटण लावत, हेच त्यांचे उत्तर.

खानदेशातली थंडी बाहेरच्यांना खरी वाटत नाही. ज्या अंगणात उन्हाळ्यात पाय ठेववत नाही, त्याच अंगणात पौषाच्या सकाळी बादलीतले पाणी बोटांना चावते. ते आठवडे माझ्या आठवणीत एका लांबलचक, अर्धवट जाग्या सकाळीसारखे साठले आहेत. मास्तर मफलर बांधून अंगण झाडत. खराट्याचा आवाज माझ्या झोपेत येई आणि स्वप्नात त्याचा कधी समुद्र होई, कधी कापडावर फिरणारी कात्री. मी उठून दार उघडत असे तेव्हा गळलेली पाने एका कोपऱ्यात ढीग होऊन वाफाळत असत, कुंड्यांना गेरूचा ताजा हात लागलेला असे, आणि धुक्यात झाडांच्या अंगावर जागोजागी पांढऱ्या खुणा उमटलेल्या असत. त्या खडूच्या खुणा होत्या. मास्तर छाटणीआधी प्रत्येक झाडावर खुणा करत आणि मग आठ दिवस त्याला हात लावत नसत.

"आठ दिवस कशासाठी?" पहिल्या हिवाळ्यात मी विचारले. "फांदी वाळलेली आहे हे आजच दिसतंय."

"कापड कापण्याआधी भिजवून आटवतात की नाही?"

"झाड आटत नाही, मास्तर."

"मी आटतो," ते म्हणाले. "पहिल्या दिवशी जेवढं कापावंसं वाटतं, त्यातलं निम्मं आठव्या दिवशी वाटत नाही. तेवढं झाड वाचतं. कापडाला ट्रायल घेता येते बेटा, झाडाला नाही."

ही पद्धत अत्यंत वेळखाऊ असल्याचे मी त्यांना सविस्तर पटवून दिले. त्यांनी सगळे ऐकून घेतले.

"तू घाईची शिवण आहेस," ते जराही न रागावता म्हणाले. "दिसायला सरळ असते."

कात्री त्यांनी मला कधी दिली नाही. टोपली घेऊन मागे फिरायचे आणि गुलाबाच्या कापलेल्या काड्या गोळा करायच्या, एवढेच माझे काम. त्या काड्या मागच्या अंगणात कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या, म्हणजे वाळक्या काटक्यांच्या, ढिगावर जात आणि एखाद्या रविवारी अक्का त्यांवर भरताची वांगी भाजत. गुलाबाच्या काडीने भरताला वास येतो असा त्यांचा दावा होता. त्याला काहीही पुरावा नाही असे माझे मत मी तिसऱ्यांदा वाढून घेताना नोंदवले.

हायड्रेंजियाची पाळी सर्वांत शेवटी, संक्रांतीच्या तोंडावर येई. तोपर्यंत मागल्या बहराचे वाळलेले, कागदी घोस मास्तर फांद्यांच्या टोकांवर तसेच ठेवत. "थंडीत टोपी काढत नाहीत," ते म्हणत. ती छाटणी पहिल्या वर्षी मी पाहिली नाही, कारण संक्रांतीला मी अमळनेरला गेले होते. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली.

त्या वसंतात झाडाला नऊ घोस आले आणि ते गुलाबी होते. मास्तर त्यांच्यापुढे हात मागे बांधून उभे राहिले.

"यंदाही गुलाबी," ते म्हणाले.

"रंगाला काय झालंय?" अक्का म्हणाल्या. "नवरीच्या शालूसारखा आहे."

मास्तरांनी त्या घोसांचा घेर मोजला नाही. का, ते मला उन्हाळ्यात कळले. एका सकाळी अक्का उघड्या दाराच्या चौकटीवर आदळल्या. त्याआधी पंधरा दिवसांत त्या तुळशीच्या कठड्यावर आणि माझ्या सायकलीवरही आदळल्या होत्या. धुळ्याला त्यांचे भाऊ राहत. त्यांनी तिथल्या डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवले. काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली औषधाने टिकली तर टिकेल, असे डॉक्टरांनी सांगितले.

"नळीतून पाहिल्यासारखं दिसतं," अक्कांनी मला समजावले. "मधलं सगळं जागेवर आहे. कडाच कोणी कापून नेल्या. तुमच्या मास्तरांचंच काम असणार."

दुसऱ्या दिवशी मास्तर प्रथमच माझ्या खोलीपाशी आले. उंबऱ्याच्या बाहेरच उभे राहिले. टेपचे टोक बोटाभोवती गुंडाळत होते.

"बेटा, तुझ्या शास्त्रात ते निळं करता येतं का?"

मी कारण विचारले. ते हळूहळू, थांबत थांबत सांगू लागले. लग्न होऊन अक्का छावणीत आल्या तेव्हा जेमतेम सतरा वर्षांच्या होत्या. तिथली भाषा कळत नव्हती, पाऊस थांबत नव्हता. मास्तर दिवसभर कामावर. क्वार्टरसमोर ती निळी रांग होती. अक्का तिच्यापाशी जाऊन उभ्या राहत आणि झाडांशी अहिराणीत बोलत. दुसरे कोणी समजणारे नव्हते.

"मी लांबून ऐकायचो," मास्तर म्हणाले. "घरची सगळी खबर त्यांना सांगायची. म्हशीचं नाव घेऊन सांगायची. ती आता कोबी-कोबी करते, पण तेव्हाचं मला माहीत आहे. डोळे आहेत तोवर एकदा तिला तो रंग दाखवायचा आहे. एवढंच."

माझ्या दृष्टीने हा सोडवण्याजोगा प्रश्न होता आणि सोडवण्याजोगे प्रश्न मला आनंदी करत. या झाडाचा निळा रंग मातीवर अवलंबून असतो. माती आम्लधर्मी असली आणि मुळांना अ‍ॅल्युमिनियम मिळाले तर फूल निळे येते. आमची काळी माती चुनखडीची आणि विहिरीचे पाणी जड, म्हणून गुलाबी. उपाय प्रत्येक घरात असतो: तुरटी. मास्तरांचा दाढीचा तुरटीचा खडा त्या दिवसापासून झाडाच्याही कामी येऊ लागला. रोज सकाळी ते तो हनुवटीवर फिरवत आणि मग तांब्याभर पाण्यात बुडवून ढवळत. मी तो प्रकार थांबवून तुरटीची पूड तोलून दिली. विहिरीचे पाणी बंद केले, पावसाळ्यात पत्र्यावरचे पाणी पिंपात साठवले. कॉलेजातून दर्शक कागदाच्या पट्ट्या आणल्या, दर रविवारी मातीचा सामू, म्हणजे पीएच, मोजला आणि एका वहीत चार रकाने आखले: तारीख, तुरटी, सामू, रंग. शेवटचा रकाना रिकामा होता. मास्तरांनी ती वही स्वतःच्या मापवहीशेजारी ठेवायला एक कोनाडा मोकळा करून दिला.

याच काळात ग्रंथालयात मी काचबिंदूविषयी वाचले. एका पुस्तकात असे होते की या विकारात निळ्या रंगाची जाण बऱ्याचदा आधी पुसट होते. तांबडे, गुलाबी त्यामानाने टिकून राहतात. मी ते वाक्य दोनदा वाचले. घरी येऊन अक्कांकडे लक्ष ठेवले. दुपारी त्या मास्तरांची दोऱ्याची रिळे डब्यात रंगवार लावत असत. तो त्यांचा जुना नेम. आता निळी रिळे त्यांच्या हातून काळ्यांत आणि हिरव्यांत जात होती. लाल आणि गुलाबी रिळे एकदाही चुकली नाहीत.

मी हे कोणालाही सांगितले नाही. प्रयोग थांबवावा इतके हे कारण सबळ होते, तरीही मी तो थांबवला नाही. रिळे चुकीच्या खणात दिसली की मास्तर ती गुपचूप उचलून जागेवर ठेवत, हेही मी पाहिले होते.

मार्गशीर्षात सामू हवा तेवढा उतरला. माझा दुसरा हिवाळा सुरू झाला होता. पौषात मास्तरांनी हायड्रेंजियाच्या नऊ फांद्यांवर खडूची नऊ कडी काढली आणि दुसऱ्या दिवशी दोघे एस.टी.ने धुळ्याला गेले. दोन दिवसांत परतणार होते, परंतु डॉक्टरांनी आणखी तपासण्या सांगितल्या. कोपऱ्यावरच्या दुकानात फोन आला की आठवडा लागेल.

आठवा दिवस संक्रांतीच्या आदल्या दिवशी आला. मास्तर आले नव्हते. नेम त्यांचा होता, खुणा त्यांच्या होत्या, मुदत पुरी झाली होती. माझ्या मते उरले होते ते केवळ यांत्रिक काम. कात्री कुठे असते ते मला ठाऊक होते. मी तिची पाती उकळत्या पाण्यातून काढली, धुक्यात स्टूल मांडून बसले आणि नऊच्या नऊ फांद्या कापल्या, प्रत्येक कड्यावर अगदी बरोबर मध्ये, केसभरही इकडेतिकडे नाही. प्रत्येक कापाच्या कडेला खडूची पांढरी रेघ अर्धी अर्धी उरली. माझ्या हाताची अचूकता पाहून मला समाधान वाटले. कापलेली टोके, त्यांवरच्या कागदी टोप्यांसकट, मी पऱ्हाट्यांच्या ढिगावर नेऊन ठेवली.

संध्याकाळी दोघे आले. मास्तरांनी हातातली पिशवी खाली ठेवण्याआधी झाड पाहिले. मग पिशवी ठेवली. मला काही न विचारता ते मागच्या अंगणात गेले, ढिगातून नऊ टोके वेचून आणली आणि मेजावर ओळीने मांडली.

"बेटा, इकडे ये."

त्यांनी एका टोकावरचा वाळका घोस अलगद बाजूला केला. त्याच्या खाली, खडूच्या रेघेच्या किंचित वर, समोरासमोर दोन जाड डोळे होते. हिरवट, कडांना तांबूस, पापण्या मिटल्यासारखे.

"फूल इथे झोपलेलं असतं. मागच्या वर्षीच्या लाकडावर."

मी दुसऱ्या टोकावरचा घोस बाजूला केला; तिथेही दोन डोळे होते.

"खडूची रेघ अंगाची असते," मास्तर म्हणाले. "अंग रेघेच्या आत. कात्री रेघेबाहेरून, दोन बोटं. शिवणारा रेघेवर कधी कापत नाही. शिवणीला माया सोडतो."

"मी विचारायला हवं होतं."

"मी सांगायला हवं होतं. हाताखाली आलेल्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी हेच सांगितलं. तुला सांगितलं नाही. तू शिकलेली आहेस, असं धरून चाललो."

घरातून अक्कांनी विचारले, "काय व्हयनं?" घरात, आपसांत, ती दोघे अहिराणीत बोलत.

"काही नही," मास्तर म्हणाले. "पोरगीनी झाड आवरी टाकं."

"बरं झायं. कोबी एकदानी भादरी टाकी."

मास्तरांनी नऊ टोके वर्तमानपत्रात गुंडाळली आणि मेजाच्या खणात ठेवली. नंतर झाडापाशी जाऊन कोटाची बटणे लावली, कारण थंडी वाढत होती. मला ओरडा सोसला असता. माघात उरलेल्या खोडांवर नवी पाने फुटली, हिरवीगार, निरोगी, आणि एकाही टोकाला कळी नाही. मास्तर तरीही तुरटीचे पाणी घालत राहिले. मी मनाशी मांडणी केली: नव्या फांद्यांना फूल धरायला पुढचा हिवाळा हवा. तोपर्यंत मी इथे नसेन. अक्कांच्या नळीतून तेव्हा किती दिसत असेल, हे त्या मांडणीत बसत नव्हते.

फाल्गुनात एका सकाळी मी मागच्या अंगणात कपडे धुवत होते. साबणाची वडी दगडामागे घसरली म्हणून हात घातला आणि तेलाच्या गंजलेल्या डब्याला लागला. डब्यात हायड्रेंजियाची एक वीतभर फांदी होती. तिच्या टोकाला, पानांच्या मध्ये, मोहरीएवढ्या कळ्यांचा गच्च झुबका होता.

"अक्का, हे काय आहे?"

अक्का भिंतीला हात लावत आल्या. "पावसाळ्यात गोधडी वाळत टाकताना माझ्याच हातानं मोडली. टाकवेना. खोचून दिली."

"मास्तरांना सांगितलं नाही?"

"सांगून काय? डब्यालाही कोट शिवला असता. आणि तू पण गप्प राहायचं."

मी ओल्या हाताने पट्टी आणली आणि डब्यातली माती तपासली. धुण्याचे साबणाचे पाणी महिनोन्‌महिने त्यात जात होते. माती चांगलीच अल्कधर्मी होती. फूल कोणत्या रंगाचे येणार हे मला त्याच क्षणी कळले.

"थोडी तुरटी घालू का?"

"माझ्या डब्यात तुमची औषधं नकोत," अक्का म्हणाल्या. तसाही आता उशीर झाला होता.

पाडवा होऊन गेला. माझी परीक्षा संपली. ज्या दिवशी दुपारच्या पॅसेंजरने मी अमळनेरला परत जाणार होते, त्या सकाळी अक्कांनी मला मागे बोलावले आणि डबा उचलायला सांगितला. मी तो त्यांच्या सांगण्यावरून व्हरांड्यात नेऊन मास्तरांच्या मेजावर ठेवला. त्या माझ्या मागून, माझ्या पदराला धरून आल्या.

कोवळे ऊन मेजावर आले होते. घोस लहान होता, पण भरलेला. शंभरएक पाकळ्या, एकही सुकलेली नाही, आणि देठापासून टोकापर्यंत स्वच्छ गुलाबी.

मास्तर यंत्रावरून उठले. त्यांनी गळ्यातली टेप काढली आणि घोसाचा घेर घेतला.

"पावणेअकरा," ते म्हणाले. आवाज त्यांचा नेहमीचा नव्हता. "कोठून आणं हाई?"

"आणं कोठून? मीच लायेल शे," अक्का म्हणाल्या. त्यांनी मेजाची कड चाचपली, चेहरा फुलाच्या अगदी जवळ नेला आणि मान थोडी इकडे, थोडी तिकडे केली. नळीतून पाहणारा माणूस जसे एकेक तुकडा करून पाहतो तसे. अंगणात चिमण्या होत्या. अक्का बराच वेळ पाहत राहिल्या.

"दिसस का?" मास्तरांनी विचारले.

"न दिसाले काय व्हयनं?" अक्का म्हणाल्या. "निळं शे."

मास्तरांनी फुलाकडे पाहिले. मग अक्कांकडे. मग माझ्याकडे, क्षणभरच. चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवणाऱ्या माणसाला गुलाबी आणि निळा यांतला फरक कळत नाही असे होत नाही. अक्कांच्या डोळ्यांनी आता रंगही बदलले, असे त्यांना वाटले असणार.

"हां," ते म्हणाले. "निळं शे. छावणीमा व्हतं तसंच."

"मंग? मी काय सांगी ऱ्हायनू?"

अक्का ओट्यावर बसल्या आणि दोऱ्यांचा डबा पुढे ओढून नेहमीप्रमाणे रिळे लावू लागल्या. एक गुलाबी रीळ निळ्यांत पडलेले होते. त्यांनी न थांबता ते उचलले आणि गुलाबी खणात ठेवले. माझे त्यांच्या हाताकडे लक्ष आहे हे त्यांना दिसणे शक्य नव्हते; मी त्यांच्या नळीच्या बाहेर, कडेला उभी होते. तरीही त्या म्हणाल्या, "बघत काय बसलीस? तुझी वही आण. तेवढा एक रकाना राहिलाय म्हणे."

मी कोनाड्यातून वही आणली. मास्तर यंत्राचे चाक हाताने थांबवून वाट पाहत होते. अक्कांचा हात डब्यात थांबला होता. तारीख लिहिली. तुरटी: नाही. सामू: जो होता तो. शेवटच्या रकान्यात मी 'निळा' असे लिहिले आणि मोठ्याने वाचून दाखवले.

त्यानंतर मी बऱ्याच वह्या भरल्या आहेत आणि जिथे यायचे होते त्याच्या आसपास येऊन पोचले आहे. माझ्या हाताखालच्या मुलींना मी पहिल्या दिवशी सांगते की चुकीची नोंद खाडाखोड करून झाकायची नाही. तिच्यावरून एक सरळ रेघ ओढायची आणि शेजारी सही करायची. ती जुनी वही अजून माझ्यापाशी आहे. गेल्या हिवाळ्यात कपाट आवरताना ती हाती आली, तेव्हा नियमाप्रमाणे मी पट्टी ठेवली, रेघ ओढली आणि सही केली. रेघ सरळ आली आहे. ती त्या शब्दाच्या दोन बोटे बाहेर आहे.